समाधान हें शिकावें लागतें



वर्षाच्या अखेरीस शाळेंत दोन गोष्टी हटकून घडतात. परीक्षेचा निकाल लागतो, आणि निकालापाठोपाठ कोणी तरी वडीलधारें माणूस हिरमुसलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणतें, "असूं दे, मिळालें त्यांत समाधान मान." हें वाक्य इतक्या सहजतेनें उच्चारलें जातें कीं, तें पाळणें किती कठीण आहे याचा विचार बोलणाराही करीत नाहीं आणि ऐकणाराही करीत नाहीं. जणूं काय समाधान ही खिशांतून काढून दुसऱ्याच्या हातावर ठेवतां येईल अशी वस्तु आहे! प्रस्तुत लेखांत मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, समाधान असें कोणास देतां येत नाहीं; तें ज्याचें त्यानें शिकावें लागतें, आणि गणित वा भाषा यांप्रमाणें त्याचाही अभ्यास करावा लागतो. शिवाय, समाधान म्हणजे काय याविषयीं आपल्या मनांत जो एक मोठा गैरसमज आहे, तो दूर झाल्यावांचून हा अभ्यास सुरूच होत नाहीं.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्या आपणांस परिस्थितीचा पालट म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकण्याची गरज नाहीं. आपली कृष्णामाई महाबळेश्वरास उगम पावते, वाईचे घाट मागें टाकते, माहुलीस वेण्णेला, कराडास कोयनेला व सांगलीजवळ हरिपुरास वारणेला भेटून पुढें जाते. तिच्या कांठीं ऊस डोलतो. पण याच दोन जिल्ह्यांच्या माण, खटाव, आटपाडी व जत या भागांत एका घागरीसाठीं रानोमाळ हिंडल्याच्या आठवणी घरोघर आहेत. सन २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातूर शहर पाण्यावांचून तळमळत असतां आपल्या मिरज स्थानकांतून पाण्याची आगगाडी निघाली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या व त्यांत सुमारें ५ लक्ष लिटर पाणी होतें. त्या वेळीं आपण देणारे होतों आणि लातूरकर घेणारे होते. त्यानंतर पुरतीं साडेतीन वर्षेंही लोटलीं नाहींत, तोंच सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णेनें रौद्र रूप धारण केलें. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फुटांची. तेथें पाणी ५७ फुटांच्या वर चढलें. चोहोंकडे पाणीच पाणी, आणि पिण्यास मात्र घोटभर नाहीं, अशी पुरांत अडकलेल्यांची अवस्था झाली. मग परगांवांहून आपल्यासाठीं पाण्याच्या बाटल्या आल्या. ज्यांनीं दिलें होतें, त्यांच्यावर घेण्याची पाळी आली. सन २००५ आणि २०२१ या सालींही नदीनें असाच धडा दिला. विपुलता व टंचाई यांमधील अंतर किती थोडें असतें, हें आपल्या डोळ्यांसमोर घडलेलें आहे.

त्या २०१९ च्या पुरानंतरची एक गोष्ट येथें सांगतों. ती माझ्या मोठेपणाची नव्हे, फजितीची आहे.

पूर ओसरला, शाळा पुन्हां भरली. माझ्या वर्गांतील एका मुलानें आपलीं वह्यापुस्तकें उन्हांत वाळवून आणलीं होतीं. पानें फुगून एकमेकांस चिकटलीं होतीं, आणि पुस्तक उघडलें कीं गाळाचा वास येत असे. त्या दिवशीं मला बोलण्याचा उत्साह अंमळ अधिकच होता. मीं वर्गाला प्रेषित पौलाचें उदाहरण दिलें, सर्व स्थितींत संतुष्ट राहणें हेंच ख्रिस्ती मनुष्याचें भूषण होय असें सांगितलें, आणि गेलेल्या वस्तूंसाठीं शोक करूं नये असा उपदेशही केला. माझें बोलणें संपल्यावर तो मुलगा उभा राहिला. त्याच्या स्वरांत उद्धटपणा मुळींच नव्हता. त्यानें विचारलें, "सर, तुमच्या घरांत पाणी आलं होतं का?"

माझें घर उंचावर आहे. पाणी आमच्या रस्त्यालाही लागलें नव्हतें. "नाहीं," एवढेंच मीं म्हटलें, आणि त्या तासाला पुढें मला बोलतां आलें नाहीं.

संध्याकाळीं मी त्याच्या घरीं गेलों. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ माझ्या डोक्यापेक्षां उंच उमटली होती. त्याची आई भांडीं राखेनें घासून अंगणांत उपडीं घालीत होती. तिनें एक डबा पालथा करून मला बसावयास दिला व कोरा चहा पुढें केला. काय बोलावें हें मला सुचेना. तीच म्हणाली, "माणसं सगळी राहिली, सर. प्रार्थनेत तेवढंच मागितलं होतं. बाकीचं आता हातानं करायचं." आणि त्याच दमांत तिनें सांगितलें कीं, पंचनाम्याच्या यादींतून त्यांचें नांव गळालें आहे, ती दोन वेळां कचेरींत जाऊन आली, उद्यां तिसऱ्यांदा जाणार, आणि नांव लागेपर्यंत जात राहणार.

परत येतांना मी या दोन बोलण्यांचा विचार करीत होतों. पहिलें बोलणें समाधानाचें होतें व दुसरें हक्काचें होतें. पण तीं एकाच मुखांतून एकाच वेळीं निघालीं होतीं आणि त्यांत कोठेंही विसंगति नव्हती. उलट मला असें दिसून आलें कीं, तिचें मन आंतून शांत होतें म्हणूनच ती तिसऱ्यांदा कचेरींत जाऊं शकत होती. जें मन हाय खाऊन बसतें तें पहिल्या खेपेसच परत फिरतें. वर्गांत मीं ज्या गोष्टीला समाधान म्हटलें होतें तें केवळ तोंडाचें होतें. खरें समाधान त्या गाळानें भरलेल्या अंगणांत होतें.

आपला गैरसमज तो हाच. निरुपाय म्हणून गप्प बसणें यालाच आपण समाधान म्हणतों. कधीं आळसाला तें नांव देतों, तर कधीं भीतीला. अभ्यास न केलेला विद्यार्थी कमी गुणांवर "मी समाधानी आहें" असें म्हणतो तेव्हां तो समाधानी नसतो, निष्काळजी असतो. अन्याय होत असतां जो मान खालीं घालतो, त्यालाही पुष्कळदां समाधानी म्हटलें जातें. वस्तुतः तो भ्यालेला असतो. आणि सर्वांत वाईट प्रकार म्हणजे मीं केला तो: स्वतः कोरड्या जागीं उभें राहून भिजलेल्यास समाधानाचा उपदेश करणें. आपल्या वाट्यास आलेल्या दुःखांत समाधान शोधण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. शेजाऱ्याच्या दुःखांत समाधान मानण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

आतां ज्या पौलाचा मीं वर्गांत दाखला दिला, त्याच्याकडे पुन्हां वळूं. कारण घरीं जाऊन मीं तें पत्र नव्यानें वाचलें. फिलिप्पै येथील मंडळीस त्यानें तें लिहिलें तेव्हां तो बंदिवासांत होता. पत्राच्या अखेरीस तो आपल्या तृप्तीविषयीं बोलतो, परंतु ती आपणांस उपजतच लाभली असें तो म्हणत नाहीं. आपण ती शिकलों, असें सांगतो. एवढा मोठा प्रेषित, पण या विषयांत तो स्वतःला विद्यार्थीच म्हणवितो! त्या काळीं स्तोइक पंथाचे तत्त्वज्ञ ज्याला कोणाचीच गरज उरली नाहीं अशा स्वयंपूर्ण पुरुषाची फार थोरवी गात. पौलानें त्यांचाच शब्द उचलला, पण त्याचा अर्थ पालटून टाकला. आपलें बळ आपलें नव्हे, तें ख्रिस्तापासून येतें, असें तो म्हणतो. म्हणून त्याचें समाधान कोरडें व गर्विष्ठ झालें नाहीं. फिलिप्पैकरांनीं एपफ्रदीताच्या हातीं त्याला साहाय्य पाठविलें होतें; तें त्यानें आनंदानें घेतलें, आणि तुम्ही माझ्या संकटांत भागीदार झालां हें फार चांगलें केलें, अशा आशयाचें आभाराचें पत्र लिहिलें. ज्याला घेतांना लाज वाटत नाहीं व देतांना गर्व होत नाहीं, तो खरा समाधानी. लातूरला पाणी पाठवितांना आणि पुढें पुरांत पाण्याची बाटली हातीं घेतांना, दोन्ही वेळां आपलें मन तसें होतें काय, हें ज्याचें त्यानें स्वतःस विचारावें.

त्याच फिलिप्पै नगरांत पूर्वीं घडलेली हकीकत प्रेषितांच्या कृत्यांत आली आहे. पौल व सीला यांस फटके मारून तुरुंगांत घातलें होतें, त्यांचे पाय खोड्यांत अडकविले होते, आणि मध्यरात्रीं ते दोघे स्तोत्रें गात होते. एवढा भाग आपण सर्व रविवारच्या शाळेंत ऐकतों. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय झालें हें फार थोड्यांच्या लक्षांत राहतें. अधिकाऱ्यांनीं त्यांस गुपचूप सोडून देण्याचा हुकूम धाडला, तेव्हां पौलानें जाण्याचें नाकारलें. आम्ही रोमी नागरिक असतां चौकशीवांचून आम्हांस चारचौघांत मारलें, आतां अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावें, असा त्यानें आग्रह धरला. आणि अधिकाऱ्यांस यावें लागलें. रात्रीं बेड्यांत गाणारा व सकाळीं न्याय मागणारा पौल एकच आहे. अंगणांत भांडीं घासणारी ती माता हा अध्याय माझ्यापेक्षां चांगला जाणत होती.

हें सारें दूर देशचें व फार जुनें झालें, असें कोणी म्हणेल. त्यास साताऱ्याचेंच उदाहरण देतों. कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें नांव तुम्हां सर्वांस परिचित आहे. त्यांनीं सन १८९५ मध्यें मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलों असें ते म्हणत. पुढें बरींच वर्षें अहमदनगर येथें अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यांत घालविल्यावर सन १९१७ मध्यें त्यांनीं मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला, निश्चित वेतनाचा आधार सोडला, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचा निश्चय केला आणि ते सातारा येथें येऊन राहिले. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांना एकत्र आणावें म्हणून 'देवाचा दरबार' त्यांनीं याच काळांत स्थापिला. त्यानंतर दोन वर्षांच्या आंतच, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस त्यांचा अंत झाला.

टिळकांच्या या त्यागाविषयीं आजवर पुष्कळांनीं लिहिलें आहे व तें योग्यच आहे. पण मला विद्यार्थ्यांचें लक्ष त्यांच्या पत्नीकडे, लक्ष्मीबाईंकडे, वेधावयाचें आहे. टिळकांनीं दारिद्र्य स्वतः निवडलें होतें, आणि निवडलेल्या दारिद्र्याला एक प्रकारचा आनंद असतो. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला तें न विचारतां आलें. वयाच्या अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें. पतीनें धर्मांतर केलें तेव्हां त्यांच्यावर आकाशच कोसळलें. पतीपासून दूर, सोंवळेंओंवळें सांभाळीत त्यांनीं कित्येक दिवस दुःखांत काढले. पुढें त्या नवऱ्याजवळ राहावयास गेल्या, तरी विश्वास पत्करण्याची घाई त्यांनीं केली नाहीं. एकेक शंका फेडीत, एकेक बंधन गळून पडत, सन १९०० मध्यें त्यांनीं स्वतःच्या मनानें बाप्तिस्मा घेतला. मधल्या पांच वर्षांस मी त्यांच्या शिक्षणाचीं वर्षें म्हणतों.

संसारांत टिळकांच्या हातीं पैसा टिकत नसे, घरीं पाहुण्यांस तोटा नसे, आणि उद्यांची काळजी करण्याचें काम एकट्या लक्ष्मीबाईंवर पडे. त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्रांत हें सर्व मोकळेपणानें लिहिलें आहे. पतीशीं झालेलीं भांडणें त्यांनीं लपविलीं नाहींत, आणि स्वतःची फजितीही लपविली नाहीं. वाचकास हंसूं येतें आणि हंसतां हंसतां डोळे ओले होतात. ज्या घरांत एकाचें समाधान दुसऱ्याच्या कष्टांवर उभें असतें, त्या घरांत कष्ट करणाराचे आभार पहिल्यानें मानले पाहिजेत, ही गोष्ट मला त्या पुस्तकानें शिकविली. पालकांपैकीं पुरुषमंडळींनीं तिचा अवश्य विचार करावा.

टिळकांच्या मागें लक्ष्मीबाईंची परिस्थिति पुन्हां पालटली. वय पन्नाशीचें, औपचारिक शिक्षण नाहीं, गांठीं पैसा नाहीं. त्यांनीं मुंबईस मुलींच्या वसतिगृहावर काम केलें, पुढें मुलासमवेत कराचीस जाऊन राहिल्या, आणि टिळकांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' पुरें करण्याचें काम अंगावर घेतलें. सन १९३४ पासून 'स्मृतिचित्रें' प्रसिद्ध होऊं लागलें, आणि सन १९३६ मध्यें त्यांनीं देह ठेवला. ज्या बाईस शाळेचा उंबरठा माहीत नव्हता, तिचें पुस्तक आज मराठी गद्याचें लेणें म्हणून ओळखलें जातें. त्या नुसत्या "मिळालें त्यांत समाधान" मानून बसल्या असत्या, तर तें पुस्तक झालेंच नसतें. तसेंच, त्या जन्मभर नशिबाला दोष देत राहिल्या असत्या, तर त्यांच्या लेखणींत तो हंसरेपणा कोठून आला असता? समाधानानें त्यांचे हात बांधले नाहींत, मोकळे केले.

सांगली जिल्ह्यांतील मिरजेचा इतिहासही हेंच सांगतो. डॉक्टर विल्यम वानलेस हे सन १८८९ मध्यें या देशांत आले आणि सन १८९४ मध्यें त्यांचें मिरजेचें रुग्णालय उघडलें. तीनच वर्षांनीं त्यांनीं एतद्देशीय तरुणांस वैद्यकी शिकविण्यास प्रारंभ केला. पुढें क्षयरोग्यांसाठीं जें आरोग्यधाम निघालें, त्याच्या परिसरास आजही वानलेसवाडी म्हणतात. स्ट्रेप्टोमायसीन हें औषध सन १९४३ मध्यें शोधलें गेलें; त्यापूर्वीं क्षयाच्या रोग्यास विसांवा, मोकळी हवा व सकस अन्न यांवरच भिस्त ठेवावी लागे, आणि महिनेच्या महिने खाटेवर पडून राहावें लागे. ज्याला शांत पडून राहणें साधलें नाहीं, त्याचा रोग बळावे. अशा रोग्यांना समाधान ही शोभेची गोष्ट नव्हती, ती औषधाच्या जागीं होती. पण डॉक्टरांचें काय? त्यांनीं जर रोग्याच्या स्थितींत समाधान मानलें असतें, तर रुग्णालयच उभें राहिलें नसतें. रोग्यानें शांति धरावी व डॉक्टरानें स्वस्थ बसूं नये, अशीं दोन कर्तव्यें एकाच श्रद्धेनें दोघांस नेमून दिलीं. आपणही कधीं रोगी असतों, कधीं डॉक्टर असतों. कोणत्या वेळीं आपण कोण आहों, हें ओळखणें यांतच सारें शहाणपण आहे.

विद्यार्थी मित्रहो, आतां तुमच्यापुरतें सांगतों. तुमच्या हातांतील मोबाइल दिवसांतून शंभर वेळां तुम्हांस दुसऱ्याचें घर, दुसऱ्याचे कपडे व दुसऱ्याची सहल दाखवितो. तो तुम्हांस दुसऱ्याचें कर्ज दाखवीत नाहीं, आणि त्याचीं रात्रींचीं आंसवें तर मुळींच दाखवीत नाहीं. अशा अपुऱ्या हिशेबावर आपल्या आयुष्याचा ताळेबंद मांडूं नका. रोज निजण्यापूर्वीं तीन गोष्टी करून पाहा. आज ज्या एका गोष्टीबद्दल आभार मानावेत अशी गोष्ट नांव घेऊन देवास सांगा. मोघम आभार मानूं नका. ज्या एका गोष्टीचें दुःख झालें तीही लपवूं नका, तीही सांगा. स्तोत्रसंहितेंत आभाराइतकेच आक्रोशही आहेत. आणि उद्यां जें एक काम आपल्या हातून होण्याजोगें आहे तें मनांत पक्कें करा. आभार, गाऱ्हाणें व निश्चय, हे तीनही ज्या प्रार्थनेंत असतात ती मनुष्यास आळशी करीत नाहीं आणि हताशही करीत नाहीं. जे विद्यार्थी आमच्या श्रद्धेचे नाहींत, त्यांनींही आपापल्या घरच्या रीतीनें हा अभ्यास करावा. सज्जनगडाच्या छायेंत वाढलेल्या मुलांना 'समाधान' हा शब्द परका नाहीं.

पालकांस एकच विनंति आहे. निकालाच्या दिवशीं मुलाला समाधानाचा उपदेश करण्यापूर्वीं त्याच्याजवळ थोडा वेळ नुसतें बसा. शेजारच्या मुलाच्या गुणांचें नांव काढूं नका. सन २०२० च्या साथीच्या काळांत कित्येक घरांतील रोजगार गेले, आणि आपल्या मुलांनीं त्या दिवसांत आपल्याकडे पाहूनच शिकावयाचें तें शिकून घेतलें. आपण रिकाम्या डब्यापुढें देवाचे आभार मानून दुसऱ्या दिवशीं कामाच्या शोधांत निघालेले त्यांनीं पाहिलें असेल, तर त्यांस या लेखाची आवश्यकता नाहीं.

तो मुलगा आतां शाळा सोडून गेला आहे. त्याच्या आईचें नांव यादींत लागलें. चौथ्या खेपेस लागलें. त्याच्या फुगलेल्या पुस्तकांपैकीं एक मीं त्याच्याकडून मागून घेतलें व त्याला नवें दिलें. तें माझ्या मेजावर असतें. वर्गांत समाधानावर बोलण्याचा प्रसंग आला कीं, मी आधीं तें उघडून पाहतों. पानें अजूनही नीट सुटत नाहींत, आणि मलाही माझा धडा अजून पुरता पाठ झालेला नाहीं. तरी शिकणें चालूं आहे.

देव तुम्हां सर्वांना भरल्या व रित्या अशा दोन्ही दिवसांत सांभाळो.